डुक्कर सरकारचे, बोकड आपला

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, वीजबिलावर झाले, कर्जावर झाले. आता जेवणाची वेळ जवळ आली आणि आमच्या वाट्याला विषय आला आहे तो मटणाचा. माळकरी मंडळींनी राग मानू नये. खायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण शेळी माळकऱ्याच्याही दावणीला आहे आणि बोकड त्यालाही विकावाच लागतो. तेव्हा हा विषय खाण्याचा कमी आणि दामाचा जास्त आहे.

सुरुवात रानडुकरापासून करू. ज्वारी हुरड्यात आली की कळप रात्री उतरतो. खातो थोडे, आडवे पाडतो फार. कपाशीत रोही शिरला की शेंडे आणि कोवळी बोंडे साफ. तुम्ही मचाण बांधता, डबे वाजवता, फटाके फोडता, झटका मशीन लावता. काही जण तारेत थेट वीज सोडतात, ते मात्र कुणी करू नका. त्या तारेला डुक्कर लागो न लागो, पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी लागतो.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. सुरुवातीला त्यात काही जनावरांच्या शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झाले. रानडुक्कर आणि रोही दोन्ही संरक्षित यादीत आहेत. परवानगीशिवाय डुक्कर मारले तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, एक लाखापर्यंत दंड. उभ्या पिकाचे नुकसान करणारे जनावर मारायची परवानगी कलम ११ खाली वनखात्याचा अधिकारी देऊ शकतो, हे खरे. पण पुढे कलम ३९ आहे. अशा परवानगीने मारलेले जनावरसुद्धा राज्य सरकारची मालमत्ता. म्हणजे ज्वारी खाल्ली आमची, अंगावर मांस चढले आमच्या दाण्यावर, आणि मेल्यावर मालक सरकार! त्याचे मटण पोरांच्या ताटात पडले तर तो गुन्हा. आम्हाला मिळतो तो पंचनामा.

जगात सगळीकडे असे नाही. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीबरोबर जातो. गावचे जमीनमालक एकत्र येऊन तो हक्क भाड्याने देतात आणि डुकराने पीक नासवले तर भरपाई बहुधा त्या शिकाऱ्यालाच भरावी लागते. तो डुक्कर मारतो, मटण विकतो. विकण्याआधी त्या मटणात कृमी नाहीत याची तपासणी सक्तीची. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने शेतकऱ्याने नीट कुंपण घातलेल्या रानातले हरीण त्याच्या मालकीचे मानले. तिथे शेतकरी हरणे पाळतो, कारण ती विकता येतात. आपल्याकडे हरणाला वाचवायचे कारण सरकारजवळ आहे, शेतकऱ्याजवळ ठेवलेले नाही. बिहारमध्ये २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने काही जिल्ह्यांपुरते रोही आणि रानडुक्कर उपद्रवी ठरवले, उत्तराखंडात २०१६ मध्ये रानडुक्कर ठरवले. तेही मुदतीपुरते. संघटनेची मागणी जुनीच आहे आणि ती सोडलेली नाही: जो पोसतो त्याची मालकी मान्य करा. पण ती मान्य होईपर्यंत चोरून शिकार करा असे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. ज्याच्या पोरावर केस झाली त्याने कोर्टाच्या पायऱ्यांवर किती एकर घालवले हे या मांडवातल्याच काही जणांना ठाऊक आहे.

मग डुकराची गोष्ट कशाला काढली? कारण शिकारीबरोबर एक ज्ञान होते. शिकार गेली, ज्ञान वाया जाऊ नये. ते ज्ञान आज बोकडाला लागू पडते आणि त्यात पैसे आहेत.

जुन्या लोकांना विचारा. निवांत चरताना एका घावात पडलेल्या जनावराचे मटण आणि कुत्र्यांनी तीन नाले पळवून दमवलेल्या जनावराचे मटण, यात जमीन-अस्मानाचा फरक असे. पळवलेल्याचे मटण काळपट, हाताला चिकट लागणारे. सकाळी मारले तर संध्याकाळी वास यायचा. मसाला कितीही घाला, रस्सा जमत नसे. लोक म्हणत, जनावराने तरास घेतला, मटणात उतरला. शास्त्र तेच सांगते, फक्त शब्द वेगळे. जनावराच्या स्नायूत साखरेचा एक साठा असतो. जनावर मेल्यावर त्या साठ्याचे आम्ल होते. तुम्ही मातीचा सामू तपासता ना, तसा मटणाचाही असतो. जिवंतपणी सातच्या आसपास, चांगल्या मटणात काही तासांनी साडेपाच ते पावणेसहापर्यंत उतरलेला. ते आम्ल मटणाला रंग देते, चव देते, आणि नासवणाऱ्या जंतूंना थोपवते. पळून, घाबरून, भांडून, उपाशी राहून जनावराने तो साठा आधीच जाळला तर आम्ल तयार होणार कशाचे? मग मटण काळे, घट्ट आणि लवकर नासणारे.

म्हणजे मटण चांगले होणार की वाईट हे खाटकाच्या सुरीखाली ठरत नाही. शेवटच्या दिवस-दोन दिवसांत ठरते, आणि त्यातला बहुतेक वेळ जनावर तुमच्या-आमच्या हातात असते, नाहीतर आपण ज्याला विकले त्याच्या ट्रकात असते.

आता देवनारला चला. आम्ही आठ जण बकरी ईदच्या आधी तिथे बोकड घेऊन जातो, म्हणून सांगतो. अकोल्याहून मुंबई साडेपाचशे किलोमीटरच्या वर. नाशिक मागे टाकायचे, कसारा घाट उतरायचा, मुलुंडच्या नाक्यावरून मुंबईत शिरायचे, हायवेने घाटकोपर आणि तिथून मानखुर्दच्या रस्त्याला लागले की देवनार. मुंबई महानगरपालिकेचा कत्तलखाना आणि त्याला लागून जनावरांचा बाजार. १९७१ पासून तो तिथे आहे, त्याआधी पालिकेचा कत्तलखाना वांद्र्याला होता. एरवी इथे कापायची जनावरे येतात, पालिकेचे पशुवैद्य कापण्याआधी जनावर आणि कापल्यावर मटण तपासतात, शिक्का मारतात, आणि पहाटे ते अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या दुकानांत टांगले जाते. बकरी ईदच्या आधी मात्र तिथे जत्रा असते. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, सगळीकडून गाड्या. बोकडांची संख्या लाखाच्या वर जाते. आपल्या महाराष्ट्राचा उस्मानाबादी काळा बोकड त्यात उठून दिसतो, पण त्याला घेऊन येणारा बहुतेक वेळा व्यापारी असतो, शेतकरी नाही.

जाता जाता एक गंमत. आज जिथे गाड्यांचा धूर आहे त्या चेंबूर-देवनारच्या टेकड्यांवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी झाडी होती. पक्ष्यांचे मोठे शास्त्रज्ञ सालिम अली लहानपणी सुट्टीत चेंबूरला राहत. १९०८ साली या पोराने एअरगनने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग. नेहमीची चिमणी नव्हे, मग ही खायला चालेल का, असा धर्माचा प्रश्न पोराला पडला. मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले, आणि तिथून पुढचा सगळा इतिहास घडला. सांगायचा मुद्दा एवढाच की खाण्याआधी जनावर निरखून पाहण्याची सवय वाईट नसते.

ती सवय ईदच्या गिऱ्हाईकाला असते. तो तुमच्या बोकडाचे तोंड उघडून दात बघतो. बोकड वर्षाचा पुरा झालेला हवा, आणि दोन दात हा त्याचा पुरावा. दुधाचे दात पडून पक्क्या दातांची पहिली जोडी येते ती साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. तुमचा बोकड चौदा महिन्यांचा असेल, पण दात आला नसेल तर बाजारात तुमच्या शब्दाला किंमत नाही. तो कान बघतो, शिंग बघतो, चालवून बघतो. कान फाटलेला, शिंग मुळातून तुटलेले, पाय लंगडा, डोळा गेलेला, असा बोकड कुर्बानीला घेत नाहीत. खच्ची केलेला चालतो. आता विचार करा, दोन वर्षे सांभाळलेला बोकड ट्रकात चढवताना गड्याने कान धरून ओढला आणि कान फाटला, तर त्या एका ओढीची किंमत किती? असे बोकड ईदच्या आदल्या रात्री कसे विकले जातात ते आम्ही पाहिले आहे. मालक परत न्यायचे भाडे मोजतो आणि जे येईल ते घेतो.

म्हणून जनावर धरण्यापासून सुरुवात. कान, शिंग, पाय, केस धरून ओढायचे नाही. एक हात मानेखाली, एक मागच्या बाजूला. काठी मारायची नाही. वळ कातड्याखाली उमटतो. कातडे सोलल्यावर तिथे रक्त साकळलेले दिसते, खाटीक तेवढा तुकडा कापून फेकतो आणि पुढच्या वेळी तुमच्या गावच्या मालाला कमी बोलतो. बायाबापड्यांच्या हाताने वाढलेला बोकड आवाजाने चालतो; त्याला चढवायला घरची बाई उभी राहिली तर चार गडी लागत नाहीत. हे आम्ही थट्टेने सांगत नाही.

गाडीचे नियम १९७८ पासून आहेत. जनावरे प्रवासाला योग्य आहेत असा पशुवैद्याचा दाखला लागतो. गाडीत खाली निदान पाच सेंटीमीटर जाडीचा पेंढा किंवा तसे काही अंथरायला हवे. सरकारी नियम म्हटला की आपल्याला राग येतो, पण हा नियम आपल्या खिशाच्या भल्याचा आहे. उघड्या पत्र्यावर बोकड घसरतो, पडतो, दुसऱ्याच्या पायाखाली जातो. आम्ही कडब्याची कुट्टी आणि तुरीचे कुटार टाकतो, पुढे खायलाही कामी येते. अनोळखी कळपातले शिंगवाले बोकड एका खणात कोंबले की रात्रभर टकरा घेतात. गावनिहाय बांबूचे आडवे लावून खण करावेत. एकदम मोकळे ठेवले तर वळणावर पडतात, गच्च भरले तर पडलेला उठत नाही. हे एकदा गाडीजवळ उभे राहूनच समजते.

निघायच्या आधी दाणा भरमसाट घालू नका. ही चूक ज्वारीच्या मुलखात हमखास होते. वजन वाढावे, बोकड भरलेला दिसावा म्हणून शेवटच्या दोन दिवसांत पाटीभर ज्वारी किंवा मका पुढे टाकतात. ज्याला सवय नाही त्याच्या पोटात त्या दाण्याचे एकदम आम्ल होते, पोट फुगते, आणि रस्त्यातच बोकड आडवा होतो. दाणा वाढवायचा तर महिनाभर आधीपासून, मूठ-मूठ करत. निघण्याच्या दिवशी सुका चारा, पोटभर पाणी. पाण्यात आम्ही थोडा गूळ आणि चिमूट मीठ घालतो. उन्हात निघायचे नाही. सूर्य कलला की गाडी भरायची, रात्रीचा रस्ता धरायचा, पहाटे इगतपुरीजवळ थांबून पाणी दाखवायचे आणि मग घाट उतरायचा.

लांबच्या प्रवासात बोकडाचे शंभरामागे पाच ते दहा किलो वजन उतरते. आधी लेंड्या-लघवी जाते, ती जाणारच होती. मग अंगातले पाणी जाते, ते मटणातून जाते. चाळीस किलोच्या बोकडाचे तीन किलो उतरले आणि समजा जिवंत वजनाचा भाव किलोला चारशे आहे, तर बाराशे रुपये रस्त्यावर सांडले. साठ बोकडांच्या गाडीला बहात्तर हजार. सगळेच वाचत नाहीत, पण निम्मे वाचले तरी गाडीभाड्याचा मोठा भाग निघतो. हे पैसे कुठल्या सरकारकडे मागायचे नाहीत, आंदोलन करायचे नाही, फक्त पेंढा, पाणी आणि सावली.

आता ईदच्या तारखेचे गणित. चांद्र वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून बकरी ईद दरवर्षी तेवढी अलीकडे येते. २०२३ ला ती २९ जूनला होती, २०२४ ला १७ जूनला, २०२५ ला ७ जूनला. जूनअखेरची ईद म्हणजे मुंबईचा पाऊस. देवनारच्या चिखलात भिजलेला बोकड दोन दिवसांत खोकायला लागतो, खाणे सोडतो. तारीख सरकत मे आणि मग एप्रिलकडे जाईल तसा पाऊस टळेल, पण विदर्भ-मराठवाड्यातले ऊन गाठेल. तेव्हा रात्रीचा प्रवास हा सल्ला न राहता सक्ती होईल. दुसऱ्या बाजूने ही तारीख कोरडवाहू शेतकऱ्याला फायद्याची आहे. तुरीचे कुटार, हरभऱ्याचे भूस घरात आलेले असते, कडब्याची गंजी लागलेली असते, बाभळीच्या शेंगा पिकतात. हिरवा चारा नसला तरी बोकड या खाद्यावर चांगला राहतो. शेळी पाच महिन्यांची गाभण असते. ज्या ईदला बोकड न्यायचा तिच्या निदान दीड वर्ष आधी तो जन्मलेला हवा, म्हणजे दाताची भीती राहत नाही. तिथून पाच महिने मागे मोजा आणि शेळी कधी फळवायची ते वहीत लिहून ठेवा. कापसाचा भाव पुढच्या वर्षी काय असेल हे इथे कुणीच सांगू शकत नाही. ईद कोणत्या आठवड्यात येणार हे आजच सांगता येते. गिऱ्हाईक ठरलेले, तारीख ठरलेली, असा दुसरा शेतीमाल आपल्याकडे कोणता आहे?

दोन सावधगिऱ्या आपल्या पिकांच्या. कपाशीवर फवारणी झाली की त्या शेतात, त्या बांधावर शेळ्या सोडू नका. विषबाधा नाही झाली तरी औषध अंगात राहते आणि मटणातून कुणाच्या तरी पोटात जाते. आणि ज्वारीचे कोवळे फुटवे, विशेषतः पावसाच्या ताणातले, शेळीला घातक. त्यात विष तयार होते, घटकाभरात जनावर जाते. जंताचे औषध, इंजेक्शन दिले असेल तर किती दिवस मटण खाऊ नये हे बाटलीवर छापलेले असते. ते वाचा, नाहीतर वाचता येणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

गावच्या जत्रेला, कंदुरीला तुम्ही स्वतः बोकड कापता. इथे तर शिकाऱ्याचे ज्ञान जसेच्या तसे लागू. आदल्या रात्रीपासून चारा बंद, पाणी चालू. पोट रिकामे असले की फाडताना घाण सांडत नाही. बोकड सावलीत निवांत बांधा. त्याच्यासमोर दुसरा कापू नका. सुरी धारदार, घाव एकच. मागच्या पायांनी टांगा आणि रक्त पूर्ण निथळू द्या, कारण अंगात राहिलेले रक्त आधी नासते. सोलताना केसाची बाजू मटणाला लागू द्यायची नाही. ज्या हाताने कातडे धरले तो हात मटणाला लावण्याआधी धुवा. कोथळा लगेच काढा, अर्धा तास जाऊ देऊ नका. मेल्यावरही पोट गरम राहते, आतले आंबणे चालूच असते आणि वास मांसात शिरतो. रानात मारलेले डुक्कर लोक न फाडता खांद्यावर घरी आणत आणि मग हे डुकराचे मटण उग्रच असते म्हणत. उग्रपणाचा अर्धा दोष डुकराचा नव्हता. पित्ताची आणि लघवीची पिशवी न फोडता काढा. फुटलीच तर तिथले मटण कापून टाका, नदी-नाल्याच्या पाण्याने धुवत बसू नका. गढूळ पाण्याने एका जागची घाण सगळीकडे पसरते. धड सावलीत, वाऱ्यात, पातळ फडक्याखाली टांगा, माशा बसू देऊ नका.

आणि एक गोष्ट बायका जाणतात, पुरुष विसरतात. कापल्यावर काही तासांत मटण आखडते. त्या वेळी शिजवले तर चामड्यासारखे लागते. एकतर कापल्या कापल्या चुलीवर चढवा, नाहीतर आखडून सैल होईपर्यंत थांबा. थांबायचे तर गारवा हवा. आपल्या उन्हाळ्यात उघड्यावर थांबणे म्हणजे नासवणे, फ्रीज असेल तरच हा दुसरा मार्ग. पण गरम गरम धड लगेच बर्फात दाबले तर तेही आखडून वातड होते. बोकडाच्या अंगावर चरबी कमी, तो लवकर गार पडतो. आधी हवेत निवू द्या, मग फ्रीजमध्ये.

काय खायचे नाही हेही सांगून टाकतो. अचानक मेलेले जनावर, पोट फुगलेले, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट न गोठणारे रक्त आलेले, त्याला सुरी लावायची नाही, कातडेसुद्धा काढायचे नाही. ती काळपुळी असू शकते. तिचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि कापणाऱ्याच्या हातावर फोड उठतो, माणूस दगावतो. पशुवैद्याला बोलवा, खोल खड्डा करून चुन्यासह पुरा. कलेजीवर, फुफ्फुसावर पाण्याने भरलेले फोड दिसले तर तो भाग कुत्र्याला टाकू नका. कुत्र्याच्या पोटात त्याचे जंत होतात, त्याच्या विष्ठेतून अंडी अंगणात येतात, आणि अंगणात खेळणाऱ्या पोराच्या कलेजीत तसाच फोड तयार होतो. जाळा किंवा पुरा.

शेवटी भावाकडे येतो, कारण सगळे तिथेच येऊन थांबते. गावात व्यापारी येतो, बोकडाच्या पाठीवर हात फिरवतो, कमरेला उचलून पाहतो आणि आकडा सांगतो. त्याच्या हातात काटा आहे, तुमच्या हातात गरज आहे. पेरणी तोंडावर, पोरीचे लग्न, दवाखाना. तो बोकड मटणाच्या हिशेबाने बघतो: जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडे कमी मटण पडणार, म्हणजे चाळीस किलोला अठरा-एकोणीस किलो. शिवाय मुंडी, पाया, कलेजी, वजडी, कातडे यांचे वेगळे पैसे. तुम्ही मात्र बोकड ‘नगा’ने विकता. बैलाचे काय झाले ते आठवा. १९९५ चे विधेयक २०१५ साली राष्ट्रपतींच्या सहीने कायदा झाले आणि बैल कापायला बंदी आली. म्हाताऱ्या बैलाचा बाजार एका रात्रीत बसला. खायला घालायची जबाबदारी आपली, विकायचा हक्क गेला. डुकराला मालक सरकार, बैलाला गिऱ्हाईक नाही. मोकळेपणाने विकता येईल असे जनावर कोरडवाहू शेतकऱ्याकडे शेळी-मेंढी, कोंबडी आणि म्हैस एवढेच उरले. आणि २०२० च्या करोनात ईदचे बाजारसुद्धा बंद राहिले, तेव्हा ज्यांनी वर्षभर फक्त ईदसाठी बोकड ठेवले होते त्यांचे हाल झाले. म्हणून सगळे बोकड एका तारखेवर लावू नका. चांगले दोन दाती, धडधाकट, देखणे असतील ते ईदला. बाकीचे वजनावर, वर्षभर, जत्रा आणि आखाड बघून.

आमच्या गावांत आता काटा आहे. वीस घरांनी वर्गणी काढून घेतला, देवळाच्या ओट्यावर ठेवला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे बोकड तोलायचे, वहीत मांडायचे. व्यापारी आला की वही पुढे करायची. पहिल्या वर्षी दोन व्यापारी रागावून गेले, एक राहिला. दुसऱ्या वर्षी गेलेले परत आले. मुंबईला गाडी न्यायची तर पन्नास-साठ बोकड एकत्र हवेत, ते एका गावात जमत नाहीत, चार गावांत जमतात.

ज्यांना पुढच्या ईदच्या गाडीत बोकड द्यायचे आहेत त्यांनी जेवण झाल्यावर मांडवाच्या डाव्या बाजूला यावे. गावाचे नाव, बोकडांची संख्या, जन्माचा महिना आणि आजचे वजन लिहून द्यावे. वजन माहीत नसेल तर काटा इथेच ठेवला आहे. जवळच्या गावांतल्यांनी उद्या सकाळी ऊन चढायच्या आत बोकड घेऊन आले तरी चालेल.